जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर अलग चालवताय? या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून आमच्याकडे इंदूरला एकच रड चालू आहे, नवीन मशीन घेतलं, विंडोज ११ आहे, एकदम फास्ट आहे, फक्त आमचं ते जुनं सॉफ्टवेअर चालत नाहीये. सियागंजात होलसेलवाल्याचं फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅममधलं बिलिंग, राजेंद्रनगरला घरून डीटीपी करणाऱ्या ताईंच्या पेजमेकरमधल्या वर्षानुवर्षांच्या स्मरणिका, सांवेर रोडवर कुणाच्या वर्कशॉपमधल्या मशीनचा प्रोग्रॅम जो कधीकाळी फ्लॉपीवर आला होता. मग कुणाचा तरी भाचा येतो नि सांगतो, अरे काही नाही हो, सँडबॉक्समधे (वापरून पुसून टाकायची बंदिस्त जागा) टाका नाहीतर व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेला दुसरा कॉम्प्युटर) करा, होऊन जाईल. आणि होतं पण. म्हणजे सुरू होतं. फोन नंतर येतात.

या नंतरच्या फोनांचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं. सॉफ्टवेअरला बाकी मशीनपासून अलग ठेवणं ही एक गोष्ट आहे आणि त्याला हवा तो जुना प्रोसेसर, जुनी ऑपरेटिंग सिस्टम मिळवून देणं ही दुसरी गोष्ट आहे, आणि लोक दोन्ही एकच समजतात. काही टूल फक्त पहिलं काम करतात, काही फक्त दुसरं, काही दोन्ही, आणि काही दोन्ही करू शकतात पण आपणच सेटिंगमधे घोळ घालून एक बंद पाडतो. खालच्या सगळ्या चुका घुमून फिरून इथेच येतात.

किती बिटचं आहे ते न बघताच कामाला लागणं

"जुनं आहे" एवढ्यावर काही ठरत नाही. प्रोग्रॅम किती बिटचा, म्हणजे प्रोसेसरच्या कोणत्या पिढीसाठी लिहिलेला, ते बघायला लागतं. १६-बिट, ३२-बिट, आणि ३२-बिट असून सोबत ड्रायव्हर लागणारं, या तिघांचे रस्ते वेगळे आहेत.

३२-बिट प्रोग्रॅम आजच्या ६४-बिट विंडोजवर सरळ चालतात, त्यासाठी विंडोजच्या पोटातच व्यवस्था आहे, तिला वॉव-६४ म्हणतात. त्यामुळे २००३-०४ चं एखादं सॉफ्टवेअर विंडोज ११ वर काही न करता चाललं तर आश्चर्य वाटून घेऊ नका, उगीच त्याच्यासाठी जुन्या विंडोज एक्सपी चं व्हर्च्युअल मशीन बांधत बसू नका. १६-बिट मात्र नाही म्हणजे नाही. प्रोसेसर एकदा ६४-बिट मोडमधे गेला की त्याचा व्हर्च्युअल ८०८६ मोड मिळत नाही, आणि विंडोजमधे डॉसचे (विंडोजच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टम) प्रोग्रॅम त्याच मोडच्या जिवावर चालायचे. म्हणून ६४-बिट विंडोजमधे एनटीव्हीडीएम, म्हणजे डॉसचे प्रोग्रॅम चालवणारा विंडोजचा भाग, नाहीच. ३२-बिट विंडोज १० मधे ते होतं, म्हणून कित्येकांचं डॉसचं फॉक्सप्रो विंडोज १० वर पण मजेत चालत होतं नि त्यांना वाटलं ११ वर पण चालेल. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती निघालीच नाही, तिथे "धिस ॲप कान्ट रन ऑन युअर पीसी" एवढंच येतं आणि माणूस मशीनला शिव्या घालतो.

ओळखायचं कसं, तर त्याला काही टूल पण लागत नाही. ईएक्सई फाइलची एक कॉपी करा, नोटपॅडमधे उघडा. सगळा कचरा दिसेल, घाबरू नका, सेव्ह मात्र करू नका. पहिली दोन अक्षरं रोमन लिपीत एम आणि झेड असतील, ती मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्कीची आद्याक्षरं, डॉसच्या काळापासून चालत आलीयत. त्याच्या थोडं खाली पी आणि ई ही अक्षरं शोधा. पीई च्या लगेच पुढे मोठा एल दिसला तर प्रोग्रॅम ३२-बिट, छोटा डी दिसला तर ६४-बिट. पीई च्या जागी एनई सापडलं तर १६-बिट विंडोजचा, म्हणजे ३.१ च्या काळातला. आणि यातलं काहीच नाही, नुसतंच एमझेड, तर तो बहुतेक शुद्ध डॉसचा. एवढं बघितलं की पुढची अर्धी धावपळ वाचते.

एक फसवी केस आहे. प्रोग्रॅम ३२-बिट पण त्याचा सेटअप १६-बिट. नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या सीडीवर असं खूप सापडतं. काही ओळखीच्या इन्स्टॉलरना विंडोज स्वतःच आपल्याकडचा ३२-बिट बदली देऊन चालवून घेतं, बाकीच्यांना नाही, आणि लोक म्हणतात सॉफ्टवेअरच चालत नाही. सॉफ्टवेअर चालतं हो, सेटअप चालत नाही. जुन्या मशीनवर किंवा एक्सपी च्या व्हर्च्युअल मशीनमधे इन्स्टॉल करा आणि तयार फोल्डर उचलून नव्यावर आणा, खूपदा एवढ्यात भागतं. कधी एखादी डीएलएल (प्रोग्रॅमची सहायक फाइल) रजिस्टर करावी लागते आणि तिथे पुढचा खड्डा आहे, सिस्टम-३२ नावाच्या फोल्डरमधे ६४-बिट फाइली असतात आणि सिसवॉव-६४ मधे ३२-बिट. नावं उलटी वाटतात, पण आहे ते असं आहे. तर रजिस्टर करायचं टूल सिसवॉव-६४ मधलं वापरायचं. ओडीबीसी (प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणारी व्यवस्था) चं पण तसंच, कंट्रोल पॅनेलमधून ६४-बिटवाल्यात डेटा सोर्स बनवला तर ३२-बिट प्रोग्रॅमला तो दिसतच नाही, आणि दोन्ही टूलचं फाइलनाव एकच आहे, त्यामुळे तुम्ही कोणतं उघडलंय ते बघूनच पुढे जा.

सँडबॉक्स आणि कंपॅटिबिलिटी मोडकडून भलती अपेक्षा

विंडोज सँडबॉक्स छान चीज आहे, पण ते तुमच्याच विंडोजची एक कोरी प्रत आहे. तुमचं विंडोज ६४-बिट तर तेही ६४-बिट. बाहेर जो डॉसचा प्रोग्रॅम चालला नाही तो आत पण चालणार नाही. आणि जो आत चालला त्याचा डेटा विंडो बंद केली की गेला, सगळं पुसलं जातं, ते त्याच्यासाठीच बनवलंय. अनोळखी सेटअप एकदा तपासून बघायला वापरा. रोजच्या कामाचं बिलिंग त्यात टाकून दिवसभर नोंदी केल्या आणि संध्याकाळी खिडकी बंद केली तर त्या परत आणायला जगात काही उपाय नाही. होम एडिशनमधे तर ते मिळतच नाही, प्रो लागतं.

कंपॅटिबिलिटी मोड त्याच्या बरोबर उलट. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, त्यात "विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३" निवडलं म्हणजे आत एक्सपी चालू झालं असं खूप जणांना मनापासून वाटतं. तसं काही होत नाही. विंडोज त्या प्रोग्रॅमला आवृत्तीचा आकडा खोटा सांगतं आणि थोड्या जुन्या सवयी सांभाळून घेतं, बस. प्रोग्रॅम तुमच्याच मशीनवर, तुमच्याच फायलींमधे, तुमच्याच नेटवर मोकळा फिरतोय. म्हणजे इथे अलगपणा शून्य. व्हायरसची शंका असलेलं काहीतरी "एक्सपी मोडमधे चालवलं म्हणून सेफ" असं म्हणणारे भेटलेत, त्यांना हात जोडावेसे वाटतात. खरा एक्सपी मोड विंडोज ७ प्रोफेशनल नि त्याच्या वरच्या आवृत्त्यांसाठी होता, ते खरंखुरं व्हर्च्युअल मशीन होतं, आणि विंडोज ८ पासून ते बंद झालं.

प्रोग्रॅम फाइल्समधे टाकणं, म्हणजे दोन गल्ल्यांचा एक गल्ला होणार नाही

ही चूक सगळ्यात जास्त पैसे खाते आणि हिच्याबद्दल कमी बोललं जातं म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एक दुकान. ३२-बिट जुनं बिलिंग, नव्या विंडोजवर ठीक चालतंय. मशीनवर दोन लॉगिन, एक शेठजींचं नि एक अकाउंटंट काकांचं. काका म्हणतात मी काल बिलं टाकली, शेठजी उघडून बघतात तर बिलं नाहीत. काका त्यांच्या लॉगिनने उघडतात तर सगळी जागच्या जागी. शेठजींना वाटतं काका वयानुसार विसरतात, काकांना वाटतं शेठजींनी कुठलं तरी बटण दाबलं, आणि दोघं मिळून सॉफ्टवेअरला दोष देतात.

झालेलं असतं हे की जुनं सॉफ्टवेअर आपला डेटा स्वतःच्याच फोल्डरमधे लिहितं, आणि तो फोल्डर प्रोग्रॅम फाइल्समधे आहे. व्हिस्टापासून साध्या युजरला तिथे लिहायची परवानगी नाही. पण जुने प्रोग्रॅम एकदम बंद पडू नयेत म्हणून विंडोज त्यांना नाही म्हणत नाही, गुपचूप ती फाइल त्या त्या युजरच्या खात्यात वळवतं. सी ड्राइव्ह, युजर्स, तुमचं नाव, ॲपडेटा, लोकल, आणि त्यात व्हर्च्युअलस्टोअर नावाचा फोल्डर. ॲपडेटा हिडन असतो, त्यामुळे दिसत पण नाही. प्रत्येक लॉगिनचं वेगळं व्हर्च्युअलस्टोअर, प्रत्येकाच्या वेगळ्या फाइली. काकांची बिलं काकांच्या खात्यात, शेठजींची शेठजींच्या. आणि बॅकअप कुणी घेत असेल तर तो प्रोग्रॅम फाइल्समधल्या मूळ फोल्डरचा घेतो, ज्यात इन्स्टॉल केल्या दिवसापासून एक नोंद गेलेली नाही.

वाईट भाग असा की कुणी कधी "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" केलं की त्या वेळेपुरतं मूळ फोल्डरमधे लिहिलं जातं. म्हणजे आता डेटाच्या तीन प्रती झाल्या, तिन्ही अर्धवट. बिल नंबर पण एकमेकांवर चढलेले. हे जोडत बसणं म्हणजे हाताने पुन्हा एंट्री करणं, दुसरं काही नाही.

उपाय मात्र सोपा आहे आणि पहिल्या दिवशीच करायचा असतो. प्रोग्रॅम फाइल्समधे टाकूच नका. डी ड्राइव्हवर किंवा सी च्या मुळात वेगळा फोल्डर करा, दोन्ही लॉगिनना त्यावर लिहायची परवानगी द्या, तिथे इन्स्टॉल करा. आधीच घोळ झाला असेल तर आधी सगळ्या खात्यांमधले व्हर्च्युअलस्टोअर फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करून घ्या, मग हात लावा.

डॉसबॉक्सला ऑफिस समजणं

डॉसबॉक्स हे नव्या मशीनवर डॉसचे प्रोग्रॅम चालवणारं टूल, पण ते गेम खेळायला बनलंय. प्रोसेसरची नक्कल तो स्वतः करतो त्यामुळे ६४-बिट, ३२-बिट काही फरक पडत नाही, आणि चालतं पण चांगलं. पण मूळ डॉसबॉक्समधे प्रिंटर नाही, नेटवर्कवर दोन मशीनवरून एकच डीबीएफ (फॉक्सप्रोची डेटा फाइल) उघडली तर लॉकिंगचा भरवसा नाही, आणि फाइली खराब झाल्या तर जबाबदारी तुमची. धंद्याच्या कामासाठी डॉसबॉक्स-एक्स किंवा व्हीडॉस बघा, दोघांत प्रिंटिंगची सोय आहे, व्हीडॉस तर खास जुन्या ऑफिसच्या प्रोग्रॅमसाठीच लिहिलेला आहे.

माउंट करताना, म्हणजे डॉसबॉक्सला आपला फोल्डर ड्राइव्ह म्हणून देताना, लोक अख्खी सी ड्राइव्ह माउंट करतात. डॉसबॉक्स स्वतः तिथे चेतावणी देतो, कुणी वाचत नाही. एक फोल्डर द्या, त्यात जे आहे तेवढंच आतल्याला दिसलं पाहिजे. आणि बाहेरून एक्सप्लोररमधून त्या फोल्डरात फाइल टाकली नि आत दिसत नाही म्हणून परत परत टाकत बसू नका, डॉसबॉक्स फोल्डरची यादी लक्षात ठेवतो, कंट्रोल आणि एफ४ दाबलं की ताजी करतो.

"रनटाइम एरर २००" आला तर तो टर्बो पास्कलमधे लिहिलेला प्रोग्रॅम आहे. सुरू होताना तो प्रोसेसरचा वेग मोजतो आणि वेग इतका जास्त निघतो की भागाकारच कोसळतो. डॉसबॉक्सच्या सेटिंगमधे सायकल्स "मॅक्स" वरून काढून एखाद्या कमी ठरावीक आकड्यावर ठेवा, गेला प्रॉब्लेम.

प्रिंटचं मात्र सांभाळून. हे जुने प्रोग्रॅम प्रिंटरला सरळ डॉट मॅट्रिक्सची कोडं पाठवतात, एलपीटी-१ या जुन्या प्रिंटर पोर्टवर. तुमचा नवा स्वस्तातला लेझर प्रिंटर ती भाषा समजतच नाही, एक तर काही निघत नाही नाहीतर पानभर चित्रविचित्र चिन्हं निघतात. १३२ कॉलमचा डॉट मॅट्रिक्स अजून चालू असेल तर तो विकू नका, यूएसबी पोर्टवाला असेल तर विंडोजमधे "जेनेरिक टेक्स्ट ओन्ली" ड्रायव्हरने लावा, काम चांगलं चालतं. लेझरवरच काढायचं असेल तर डॉसबॉक्स-एक्स किंवा व्हीडॉसला ती कोडं समजून पान बनवू द्या.

व्हर्च्युअल मशीन: इथे चुका पोत्याने

व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममधे एक्सपी टाकणं हा सगळ्यात पक्का रस्ता आहे, जुनं वातावरण पण मिळतं आणि अलगपणा पण. म्हणून इथे जरा थांबू.

पहिली गोष्ट, एक्सपी ची सीडी नाही म्हणून इंटरनेटवरून कुठलं तरी "लाइट, प्री-ॲक्टिव्हेटेड" आयएसओ (सीडीची फाइलरूप प्रत) उतरवतात. ज्याने ते बनवलं त्याने आत काय घातलंय हे तुम्हाला माहीत नाही, आणि त्यात तुम्ही तुमच्या धंद्याचा हिशेब ठेवणार. जुन्या मशीनवर रीतसर लायसन्सचं एक्सपी आहे ना, मग मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्सचं डिस्क-टू-व्हीएचडी आहे, त्याने जुन्या हार्डडिस्कची जशीच्या तशी इमेज निघते. लायसन्सच्या अटी तेवढ्या बघून घ्या, मशीनसोबत आलेलं एक्सपी बहुधा त्याच मशीनपुरतं असतं. ही इमेज जुनी मशीन चालू आहे तोवर काढा. भंगारवाल्याला देऊन झाल्यावर "त्यात एक डोंगलचा ड्रायव्हर होता हो" (डोंगल म्हणजे सॉफ्टवेअरच्या लायसन्सची किल्ली म्हणून पोर्टला लावायचा तुकडा) असं आठवून काही उपयोग नाही.

ती इमेज लावली आणि सुरू होताना निळा स्क्रीन, स्टॉप ७-बी. शंभरातल्या नव्वद वेळा, अंदाजाने म्हणतोय, हा डिस्क कंट्रोलरचा प्रश्न असतो. एक्सपी ला साटा एएचसीआय (डिस्क जोडायची नवी पद्धत, जुनी ती आयडीई) चा ड्रायव्हर मुळात येत नाही. व्हर्च्युअल मशीनच्या स्टोरेजमधे जाऊन डिस्क साटा वरून काढून आयडीई खाली लावा.

मेमरी भरपूर देणं. नव्या मशीनमधे सोळा जीबी आहे म्हणून एक्सपी ला आठ दिले. ३२-बिट एक्सपी चार जीबीच्या वर वापरूच शकत नाही, आणि बिलिंगला अर्धा ते एक जीबी नि एक कोअर पुष्कळ झाला. विंडोज ९८ असेल तर ५१२ एमबीच्या वर गेलात की ते सुरू व्हायलाच कुरकुर करतं. तसं ९८ च्या भानगडीत शक्यतो पडूच नका, त्याच्यासाठी व्हर्च्युअलबॉक्सचे गेस्ट ॲडिशन्स (आतल्या विंडोजमधे टाकायचे ड्रायव्हर वगैरे) पण नाहीत, बहुतेक प्रोग्रॅम एक्सपी वर चालतात.

विंडोच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतंय आणि सगळं संथ चाललंय? म्हणजे विंडोजचं हायपर-व्ही (त्याची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची व्यवस्था) आधीच प्रोसेसरच्या व्हर्च्युअलायझेशनवर बसलंय आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्यामार्फत काम करतोय. विंडोज ११ मधे कोअर आयसोलेशन हे सुरक्षेचं सेटिंग चालू असलं तरी हे होतं. व्हिडिओ बघून लोक लगेच त्यातली मेमरी इंटिग्रिटी बंद करतात. मला विचाराल तर बिलिंग नि पत्रकं यासाठी कासव राहू द्या, एका जुन्या प्रोग्रॅमच्या वेगासाठी अख्ख्या मशीनची सुरक्षा ढिली करायची नाही.

आता नेटवर्क. एक्सपी चा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपलाय. तरी त्याला नेट देतात, का तर "आत एक फाइल उतरवायची होती". सेटिंगमधे नेटवर्क ॲडॅप्टर "नॉट अटॅच्ड" करा आणि विसरून जा. फाइल द्यायची तर शेअर्ड फोल्डर आहे. दुसरी, याहून घातक गोष्ट, एक्सपी ला विंडोज १० किंवा ११ चा नेटवर्कवरचा फोल्डर दिसत नाही म्हणून लोक नव्या मशीनवर एसएमबी-१ (नेटवर्कवर फाइल शेअर करायची जुनी पद्धत) चालू करतात. ते मायक्रोसॉफ्टने २०१७ च्या शेवटी नव्या विंडोज १० मधून डिफॉल्ट म्हणून काढलं ते उगीच नाही, त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच दारातून जगभर घुसला होता. एका जुन्या मशीनसाठी नव्याचं दार उघडून ठेवायचं नाही.

शेअर्ड फोल्डरमधे पण अख्खी सी किंवा डी ड्राइव्ह देऊ नका. वर लिहायची परवानगी, क्लिपबोर्ड दोन्ही बाजूंनी चालू, ड्रॅग अँड ड्रॉप चालू, आणि मग म्हणायचं आम्ही अलग ठेवलंय. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं सताड उघडं, त्यातली गत. "देवाणघेवाण" नावाचा एकच रिकामा फोल्डर करा, तेवढाच द्या. आणि लोकांकडून आलेला पेनड्राइव्ह थेट एक्सपी ला जोडू नका, ऑटोरनचे जुने व्हायरस अजून पेनड्राइव्हवर फिरतात आणि एक्सपी त्यांचं अगत्याने स्वागत करतं. आधी बाहेर विंडोज ११ वर स्कॅन, मग हवी ती फाइल देवाणघेवाणमधे.

स्नॅपशॉटला (मशीनची त्या क्षणाची स्थिती धरून ठेवणं) बॅकअप समजणं, ही पण मोठी चूक. स्नॅपशॉट घेतला की मूळ व्हीडीआय, म्हणजे व्हर्च्युअल डिस्कची, फाइल तिथेच थांबते आणि पुढचं सगळं लिखाण स्नॅपशॉट्स नावाच्या फोल्डरमधल्या वेगळ्या फाइलीत जातं. आता तुम्ही दर शनिवारी नेमाने ती मोठी व्हीडीआय पेनड्राइव्हवर कॉपी करताय, छान वाटतंय, आणि त्यात स्नॅपशॉट घेतल्या दिवसानंतरचं एक अक्षर नाही. मशीन पूर्ण शटडाउन करून अख्खा फोल्डर कॉपी करा, किंवा एक्सपोर्ट अप्लायन्स करा. पेनड्राइव्ह फॅट-३२ असेल तर चार जीबीच्या वरची फाइल त्यावर बसणार नाही, एक्सफॅट करून घ्या. आणि व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) च्या बॅकअपव्यतिरिक्त नुसत्या डेटा फायली रोज बाहेर काढत जा. हे जास्त महत्त्वाचं. व्हीएम पुन्हा बांधता येतं, बिलं नाही.

शटडाउनवरून आठवलं, व्हीएम ची खिडकी फुलीवर क्लिक करून "पॉवर ऑफ" निवडणं म्हणजे चालू कॉम्प्युटरचा प्लग खेचणं. फॉक्सप्रो, क्लिपर वगैरेंच्या इंडेक्स फाइली यात हमखास बिघडतात, मग बिल सापडत नाही, यादी अर्धी दिसते. घाबरू नका, डेटा बहुतेक वेळा शाबूत असतो, प्रोग्रॅममधे री-इंडेक्सचा पर्याय असतो तो चालवा. आत आधी प्रोग्रॅममधून बाहेर या, मग एक्सपी शटडाउन.

मराठी फॉन्टवाल्यांसाठी वेगळं

पेजमेकर ७.० ही त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची आहे, आणि आपल्याकडे मंडळांचे किती तरी अंक, स्मरणिका, लग्नपत्रिका त्यात आणि त्या काळच्या मराठी फॉन्टमधे पडून आहेत. ते फॉन्ट युनिकोड (अक्षरांची सगळीकडे चालणारी आजची पद्धत) नव्हेत. व्हीएम मधून मजकूर कॉपी करून बाहेर वर्डमधे पेस्ट केला की इंग्रजी अक्षरांची भाजी दिसते, आणि लोक म्हणतात व्हीएम ने फाइल बिघडवली. बिघडलेलं काही नाही, अक्षरांच्या जागा त्या फॉन्टपुरत्या ठरलेल्या आहेत, तो फॉन्ट बाहेर नाही. कोणता फॉन्ट आहे ते नाव टिपून त्याच फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर लावा, आणि रफार, जोडाक्षरं, पहिली वेलांटी एवढं हाताने तपासा, चुका तिथेच होतात.

नुसती पीडीएफ काढून ठेवली तर दिसायला सुंदर, पण त्यात शोधलं तर काही सापडत नाही, कारण आत तीच इंग्रजी अक्षरं. छापण्यापुरती ठीक आहे. अंकाचं जतन करायचं असेल तर पीडीएफ आणि युनिकोड मजकूर दोन्ही ठेवा.

आणि एक्सपी मधे युनिकोड मराठी चौकोन चौकोन दिसत असेल तर रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समधे कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या फायली टाकायच्या राहिल्यात. त्याला सीडीवरचा आय-३८६ फोल्डर लागतो, म्हणून तो आधीच व्हीएम मधे कॉपी करून ठेवा.

डोंगल, सिरियल केबल

६४-बिट विंडोजला ३२-बिट ड्रायव्हर चालत नाही, प्रोग्रॅम चालला तरी. यूएसबी डोंगल असेल तर नव्या विंडोजवर त्याचा ड्रायव्हर शोधत बसू नका, व्हर्च्युअलबॉक्सच्या यूएसबी फिल्टरमधे तो डोंगल निवडा, तो सरळ आतल्या एक्सपी ला मिळतो आणि तिथे जुना ड्रायव्हर चालतो. जुन्या यूएसबी-टू-सिरियल केबलींचं पण हेच, विंडोज ११ मधे डिव्हाइस मॅनेजर "फेज्ड आउट सिन्स २०१२" म्हणून हात वर करतो, आत एक्सपी ला दिली की मुकाट चालते. फक्त वर्कशॉपमधल्या मशीनला ओळीओळीने प्रोग्रॅम पाठवायचा असेल, ज्याला ड्रिप फीड म्हणतात, तर व्हीएम मधून नको, मधेच अडखळलं तर जॉब खराब होतो.

जुना पॅरलल पोर्टचा डोंगल मात्र वेगळा विषय. जेल रोडवर यूएसबी-टू-पॅरलल केबल मिळते, ती प्रिंटरची केबल आहे, खरा पॅरलल पोर्ट नाही, डोंगल तिला ओळखत नाही. सॉफ्टवेअरवाला अजून धंद्यात असेल तर त्याच्याकडून यूएसबी डोंगल बदलून घ्या, नाहीतर ते एक जुनं मशीन नेट न लावता तसंच चालू ठेवा. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

मुळात चालवायची गरज आहे का

हा प्रश्न खरं तर पहिला विचारायचा पण कुणी विचारत नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, त्याआधीचं व्हॅटच्या काळाचं सॉफ्टवेअर आज बहुतेक जण एंट्रीसाठी चालवत नाहीत, जुनी बिलं नि खाती बघायला लागतात एवढंच. मग फॉक्सप्रो किंवा डीबेसच्या डीबीएफ फाइली लिबरऑफिस कॅल्कमधे सरळ उघडतात, कॉपी करून उघडा, एक्सेलमधे सेव्ह करा, झालं. डॉस नको, व्हीएम नको. पार्टीची नावं त्या काळी जिस्ट कार्डवर (कॉम्प्युटरमधे भारतीय लिप्या आणणारं कार्ड) हिंदी-मराठीत टाकलेली असतील तर कोड बहुधा इस्की असतो, भारतीय लिप्यांसाठीचं १९९१ चं प्रमाण, तेवढा कॉलम कन्व्हर्ट करायला लागतो. आकडे मात्र स्वच्छ येतात.

नवीन मशीन अजून घ्यायचंच असेल तर एक गोष्ट काउंटरवरच विचारा, प्रोसेसर इंटेल-एएमडी चा आहे की एआरएम चा. हल्लीचे काही पातळ, बॅटरी जास्त चालणारे लॅपटॉप एआरएम चे असतात. त्यांच्यावर साधे ३२-बिट प्रोग्रॅम नकलेने चालतात, पण व्हर्च्युअलबॉक्समधे एक्सपी चालत नाही, आणि डोंगलचा जुना ड्रायव्हर तर विसराच. क्यूईमू ने पूर्ण प्रोसेसरची नक्कल करून चालवता येतं, पण इतकं संथ की मार्चएंडला अकाउंटंट काका राजीनामा देतील. बिल फाटायच्या आधी विचारा, नंतर दुकानदार बदलून देत नाही.